उभी जोडी

"पोट एका कोपऱ्यात आणि तोंड दुसऱ्या कोपऱ्यात, हा काय माणूस झाला का सर?" बापू होगाडे म्हणाले.

दस्तगीरच्या दुकानात आम्ही प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसलो होतो. डाव्या हाताला स्पीकरची उभी जोडी होती. छातीपर्यंत उंच, शिसवी रंगाची, स्टेजवर आहेर घेऊन दमलेल्या नवरानवरीसारखी ताठ उभी. उजव्या हाताला लहान जोडी, पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढी, आणि तिच्या सोबतीला जमिनीवर ठेवायचा, फक्त खर्ज वाजवणारा चौकोनी काळा सबवूफर. दस्तगीर त्याला नुसतं 'डबा' म्हणायचा.

"माणूस नाही बापू, स्पीकर आहे," मी म्हणालो. "खर्ज कुठल्या दिशेनं येतो हे कानाला कळतच नाही. त्यामुळं डबा कुठंही ठेवला तरी चालतो. दिवाणाखालीसुद्धा."

"पोट दिवाणाखाली?"

"शास्त्र आहे ते."

"असंल," बापू म्हणाले. मग उठले आणि उभ्या जोडीतल्या एका स्पीकरच्या पाठीवर तळहात ठेवून उभे राहिले, बाजारात बैल पारखणारा माणूस ठेवतो तसा. "ह्यो एका अंगानं गातोय बघा. दस्तगीर, जरा मोठ्यानं लाव की."

"मोठ्यानंच लागलंय बापू," दस्तगीर म्हणाला. "बाहेर रिक्षावाले थांबून बघायलेत."

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. मी तेव्हा इचलकरंजीत कॉमर्स कॉलेजला अर्थशास्त्र शिकवत होतो आणि वर्गात कुणी ऐकत नसल्यामुळं बाहेर सगळ्यांना सगळं समजावून सांगायची मला सवय लागली होती. घरी नुकतंच इंटरनेट आलं होतं. स्पीकर या विषयावर मी तीन महिन्यांत इतकं वाचलं होतं की प्रत्यक्ष ऐकायची गरज उरली नव्हती.

दर रविवारी सकाळी नऊला बापूंच्या घरी आमचं मंडळ बसायचं. दोन सूतव्यापारी, एक निवृत्त पोस्टमास्तर, दस्तगीर, मी आणि बापू. जुनी रेकॉर्डिंगं ऐकायची, मालूवहिनींनी केलेलं उप्पीट खायचं आणि साडेअकराला उठायचं. मंडळाला नाव नव्हतं. कान मात्र होता, आणि तो बापूंचा.

बापू चौतीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर. चोवीस माग एकदम खडखडत असताना शेडच्या दारात उभं राहून 'सतरा नंबरचा धोटा अडखळतोय' असं सांगणारा माणूस म्हणून गाव त्यांना ओळखत होतं. पुढं पुढं ते दारातून सांगण्याऐवजी मागाच्या सांगाड्यावर हात ठेवून सांगायला लागले. आम्हाला वाटलं, वयानं नजाकत आली. निवृत्त झाल्यावरही मागवाले त्यांना गाडी पाठवून न्यायचे. बापू त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचे.

गाण्यातही तसंच. बापूंची जागा ठरलेली होती. दस्तगीरच्या वडलांनी बनवलेला, कपाटाएवढा, लाकडी खोक्याचा जुना स्पीकर होता, त्याला पाठ टेकून ते बसायचे. गाणं समेवर आलं की त्यांचा उजवा हात वर जायचा आणि मांडीवर उतरायचा. मग सगळ्यांचे हात उतरायचे. खरं सांगायचं तर सम कशाशी खातात हे मला आठ वर्षांत कळलं नव्हतं. मी बापूंच्या हातावर एक डोळा ठेवून असायचो. माझा हात किंचित उशिरा पडायचा. तो माझा संयम आहे, असं पोस्टमास्तर म्हणत.

त्या वर्षी खोक्याला वाळवी लागली. एका रविवारी बापू टेकले आणि मागची फळी बिस्किटासारखी मोडली. नवे स्पीकर घ्यायचं ठरलं आणि मला वाटलं, आपली वेळ आली. मला बापूंच्या कानाची जागा हवी होती. इतक्या साध्या भाषेत मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नसतं. मी त्याला 'मंडळात शास्त्रीय दृष्टी आणणं' म्हणत होतो.

दीड महिना वाद चालला. उभी जोडी खोलीला मोठी होते, भिंतीजवळ खर्ज फुगतो, हॉल बारा बाय चौदाचा आहे, लहान जोडी आणि सबवूफर यांत स्वर वेगळे आणि स्वच्छ राहतात, असं मी कागदावर आकृत्या काढून दाखवलं. बापू कागदापेक्षा माझ्या तोंडाकडंच जास्त बघत.

"सर, ती मिशी जरा कमी करा की," ते मध्येच म्हणाले.

"मिशीचा इथं काय संबंध?"

"जेवताना तरास होत असंल म्हणून म्हटलं."

सगळे हसले. हा मुद्द्यावरून पळायचा प्रकार आहे, असं मी मनात नोंदवलं. असं ते पाचसहा वेळा तरी म्हणाले होते. मिशी माझी भरघोस होती आणि वरचा ओठ पूर्ण झाकायची. वर्गात तेवढाच एक भारदस्तपणा होता, तो काढून टाकायचा मला काही कारण दिसत नव्हतं.

शेवटी मी तोडगा काढला. दस्तगीरनं दोन्ही जोड्या घरी आणायच्या, सगळ्यांचे डोळे बांधायचे आणि कुठली जोडी चांगली वाजते ते प्रत्येकानं नुसत्या कानानं सांगायचं.

"डोळे कशाला बांधायचे?" बापूंनी विचारलं. "समोर पडदा लावा."

"पडद्यानं आवाज दबतो."

"मग मी डोळे मिटून बसतो. विश्वास नाही काय माझ्यावर?"

"विश्वासाचा प्रश्न नाही बापू. पद्धतीचा आहे."

बापूंनी दाराकडं पाहिलं. दारात उभ्या मालूवहिनी म्हणाल्या, "त्यांना नको वाटतंय तर राहू दे की सर."

"वहिनी, बापूंचा कान आहे म्हणून तर परीक्षेला अर्थ आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी घरून ठरवून आणलं होतं.

पुढच्या रविवारी दस्तगीर टेम्पोतून सगळं घेऊन आला. मी फरशीवर जमखाना चौपदरी घालून घेतला, कारण फरशीवरून आवाज उलटतो. त्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, कारण कान स्पीकरच्या उंचीला यायला हवेत. बापू सवयीनं भिंतीकडं जाऊन खाली बसायला लागले.

"खाली नाही, खुर्चीवर."

"मला खाली बरं पडतं ओ."

"सगळ्यांना एकच नियम."

धुतलेल्या पंच्यानं बापूंचे डोळे मी स्वतः बांधले. बांधण्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं. "फेरी संपली हे कळायचं कसं?"

"मी सांगीन की."

"तसं नको. खांद्यावर हात ठेवा. मी बोटानं दाखवतो, एक का दोन."

मी हो म्हणालो. परीक्षक म्हणून माझे डोळे उघडे होते. परीक्षकानं स्वतः परीक्षा द्यायची पद्धत आमच्या विद्यापीठात नव्हती.

प्रत्येक फेरीत एकामागून एक दोन्ही जोड्या वाजायच्या; पहिली फेरी झाली, दुसरी झाली. सूतव्यापाऱ्यांनी प्रत्येक वेळी वेगळं बोट दाखवलं. बापूंनी दोन्ही वेळा एक दाखवलं. पहिल्यांदा ती उभी जोडी होती, दुसऱ्यांदा लहान. मी वहीत लिहून घेतलं आणि मला बरं वाटलं.

तिसऱ्या फेरीला दस्तगीरनं वायरी बदलल्या, सीडी लावली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. सीडीच्या यंत्रावर आकडे पळायला लागले. पण आवाज येईना. वायर कुठंतरी निसटली होती. दस्तगीर वाकून शोधायला लागला. डोळे बांधलेली मंडळी शांत बसून वाट बघत होती. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

आणि बापूंची मान डोलायला लागली.

आधी थोडी, मग रंगात आल्यासारखी. मिनिटभरानं त्यांचा उजवा हात वर गेला, हवेत थांबला आणि अलगद मांडीवर उतरला. "वा!" बापू म्हणाले. "आत्ता कसं भरून आलं!"

"काय भरून आलं?" पोस्टमास्तर पंच्याच्या आतून म्हणाले. "अजून लागलंच नाही की!"

एक सूतव्यापारी फुसकन हसला, मग दुसरा. मग सगळेच पंचे वर सरकवून हसायला लागले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. इतक्या वर्षांचा प्रसिद्ध कान, आणि त्याला गाण्यातला आणि भाजीवाल्यातला फरक कळत नव्हता! इतका स्वच्छ निकाल मी अर्थशास्त्रात कधी पाहिला नव्हता.

बापूंची मान अजून डोलत होती.

मालूवहिनी हातातला ताटल्यांचा ट्रे टीव्हीवर ठेवून पुढं आल्या आणि त्यांनी बापूंच्या डोक्यामागची गाठ सोडली. बापूंनी डोळे उघडले. एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. दस्तगीरच्या हातातली सुटलेली वायर पाहिली. मग तेही हसले.

"गंमत केली ओ," ते म्हणाले. "कोण फसतंय बघत होतो."

"मग निकाल काय बापू?" मी विचारलं. "चौथी फेरी घ्यायची?"

"नको, नको," ते घाईनं म्हणाले. "लहान जोडीच घेऊ या. सर म्हणतात ते शास्त्र आहे. त्या डब्यासकट."

दीड महिना न हललेला माणूस एका क्षणात हलला. मी त्या दिवशी उप्पीट दोनदा घेतलं. बापूंनी बिनसाखरेचा चहा घेतला. उभी जोडी दस्तगीर टेम्पोत घालून परत घेऊन गेला.

लहान जोडी मी आकृतीप्रमाणं कपाटात बसवली. डबा दिवाणाखाली सरकवला. टेकायला आता काही नव्हतं, म्हणून बापू माझ्यासमोर भिंतीशी बसायला लागले. पहिल्या रविवारी विलंबित एकताल चालू होता. माझी नजर सवयीनं बापूंच्या हातावर होती. हात मांडीवर पडून होता. मी थांबलो. बघतो तर बापू माझ्या हाताकडं बघत होते.

असा बराच वेळ गेला. मधल्या काळात तीनचार समा निघून गेल्या असाव्यात, कारण दस्तगीरची मान तेवढ्या वेळा हलली. शेवटी मला राहवेना. अंदाजानं मी हात वर केला. त्याच क्षणी बापूंचा वर झाला. मग सगळ्यांचा. पोस्टमास्तर 'क्या बात है' म्हणाले.

त्या दिवसापासून मंडळ माझ्या हातावर चालायला लागलं. मी मनात दहापर्यंत मोजायचो आणि हात टाकायचो. गाणं आपल्या वाटेनं जायचं, आम्ही आपल्या. सहा महिने आमच्या मंडळात समेचा आणि आमचा संबंध आला नाही, आणि कुणाची तक्रारही आली नाही. दस्तगीर तेवढा यायचा बंद झाला. मी दुकानात जाऊन त्याला कारण विचारलं.

"सर, मला गाणं ऐकू येतं ओ," तो म्हणाला. "तेवढाच तरास हाय."

मला तो टोमणा वाटला. दस्तगीर टोमणे मारत नसे, हे नंतर लक्षात आलं.

एका बुधवारी दुपारी मी सीडी परत द्यायला बापूंकडं गेलो. दार लोटलेलं होतं. आत गाणं इतक्या मोठ्यानं लागलं होतं की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बापू माझ्याकडं पाठ करून फरशीवर बसले होते. दिवाणाखालचा डबा ओढून त्यांनी दोन्ही गुडघ्यांत धरला होता. लहान जोडीतला एक स्पीकर छातीशी कवटाळला होता. दुसऱ्याची वायर पुरत नव्हती, म्हणून तो हातभर अंतरावर आडवा पडला होता आणि बापू एक हात लांब करून बोटं त्याला टेकवायची खटपट करत होते. बोटं टेकली की छातीवरचा निसटायचा. छातीवरचा सावरला की बोटं सुटायची.

"बापू!" मी हाक मारली. पुन्हा मारली.

"हाका मारू नका सर," मागून मालूवहिनी म्हणाल्या. "या, परड्यात या."

परड्यात त्यांनी मला पाण्याच्या टाकीशेजारच्या कट्ट्यावर बसवलं. त्या उभ्याच राहिल्या.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"बारा वर्षं. मागांनीच खाल्ला कान. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग मी."

"पण ते तर बोलतात. सगळ्यांना उत्तरं देतात!"

"शेडमध्ये कुणाला ऐकू येतंय? सगळी ओठ बघूनच बोलत्यात. चौतीस वर्षांची सवय हाय ती." त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. "तुमच्या मिशीनं मात्र लई छळलं त्यांना. निम्मं बोलणं मिशीत जातंय म्हणायचे."

मी मिशीवर हात फिरवला.

"डॉक्टर?"

"मिरजेला दाखवलं. मशीन दिलं कानात घालायला. ते घातलं की डोक्यात चोवीस माग चालू होतात म्हणाले. काढून ठेवलं."

"मग इतकी वर्षं सम कशी धरायचे?"

"पाठीतनं. त्या खोक्याला टेकलं की गाणं पाठीत यायचं, तबला पण, गळा पण. तुमच्याबरोबर दुकानात जाऊन आले त्या दिवशी तासभर बोलत होते, उभ्या जोडीवर हात ठेवला की सगळं एकाच जागी येतंय म्हणून."

"मग त्यांनी हट्ट का नाही धरला?"

"कशाच्या जोरावर धरायचा? कानाच्या?" वहिनींनी विचारलं. "आणि चौथी फेरी घेतली असती तर गावभर झालं असतं. मग मागवाल्यांची गाडी आली असती का दारात?"

आत गाणं संपलं होतं. बापूंना ते कळलं की नाही, कोण जाणे.

"वहिनी," मी म्हणालो, "मला सम कळत नाही. मी बापूंचा हात बघून हात टाकत होतो."

"त्यांना ठाऊक हाय ते. सरांचा हात नेहमी मागनं येतो म्हणायचे. पण आता तुमच्याशिवाय बघायचं कुणाकडं?"

मी दस्तगीरकडं गेलो. उभी जोडी जयसिंगपूरच्या एका मंगल कार्यालयात गेली होती. तशी जोडी कंपनीनं काढायचं बंद केलं होतं. मी कार्यालयाच्या मालकाला चार वेळा भेटलो. लग्नसराई संपू दे, म्हणाला. ती संपली तर दुसरी आली. दस्तगीरनं त्याला त्याहून मोठी जोडी बसवून दिली तेव्हा कुठं तो तयार झाला. मधे सव्वा वर्ष गेलं. तेवढ्यात मंडळ आपोआप बंद पडलं होतं. बापूंच्या दारात मागवाल्यांची गाडीही येईनाशी झाली होती. दोन वेळा त्यांनी चांगला चालणारा माग खोलायला लावला होता म्हणे.

ज्या दिवशी जोडी मिळाली त्या सकाळी मी मिशी काढली. आरशात एक ओळख नसलेला, जरा घाबरलेला माणूस दिसला.

दस्तगीर आणि मी टेम्पोतून जोडी घेऊन गेलो. बापू दिवाणावर बसले होते. पायांत लोकरी मोजे होते आणि उजव्या पंजाला पट्टी.

"काय झालं हाताला?" मी विचारलं.

बापूंनी माझ्या ओठांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि हसले. "आता स्वच्छ येतंय तुमचं बोलणं, सर. सगळं कळतंय." मग जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे माझं एवढं काही हुकलं नव्हतं."

दस्तगीरनं तोंड फिरवलं. बहुतेक तो हसत होता.

"गरम पातेलं धरून उभे राहिले," वहिनी म्हणाल्या. "वास आला तेव्हा मी पळत आले. साखर वाढलीय. आधी पायांतलं कळायचं गेलं, आता दोन्ही हातांतलं आणि पाठीतलंही."

त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं होतं. पण जोडी अंगणात आली होती, आणि सव्वा वर्ष वाट पाहिलेला माणूस अशा वेळी ऐकून थांबत नाही. आम्ही ती आत आणली, भिंतीशी उभी केली. बापू उठले. मोज्यांतले पाय नीट बघून बघून टाकत ते एका स्पीकरजवळ खाली बसले, पूर्वीसारखी पाठ टेकली आणि डावा, बिनपट्टीचा तळहात मागं लाकडावर ठेवला. डोळे मिटले.

मी स्पीकरच्या मागं वाकून वायर सोलत होतो. दस्तगीर सीडी शोधत होता.

"वा," बापू म्हणाले. त्यांचा उजवा हात वर गेला आणि पट्टीसकट मांडीवर उतरला. "हीच ओ. हीच."

दस्तगीरनं माझ्याकडं पाहिलं. वायर अजून माझ्या हातात होती.

मी ती जोडली. दस्तगीरनं सीडी लावली आणि आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. कपाटातल्या कपबशा वाजायला लागल्या. मी स्पीकरला हात लावला, लाकूड आतून धडधडत होतं, गळा आणि तबला दोन्ही एकाच अंगात. बापूंच्या तोंडावर काही फरक पडला नाही. जे होतं तेच राहिलं.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हाताकडं पाहिलं.

मी मनात दहापर्यंत मोजलं आणि हात वर केला. त्यांचाही वर आला.

दस्तगीर उठला आणि बाहेर टेम्पोत जाऊन बसला.